वसईचा हिरवा पट्टा कसा फिरावा: किल्ला, वाड्या, किनारे आणि अर्नाळा

वसईला एका दिवसासाठी येणारे बहुतेक जण यादी घेऊन येतात. किल्ला, तीन बीच, दोन चर्च, अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला आणि जमलंच तर तुंगारेश्वरचं अभयारण्य. मग भर दुपारी भुईगावच्या किनाऱ्यावर पोचतात तेव्हा समोर नुसता गाळ असतो आणि पाणी पार लांब गेलेलं असतं. किंवा अर्नाळ्याच्या होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं आणि पायात लेदरचे बूट असतात. दोन्हीचं कारण एकच: तारीख रविवार बघून ठरवलेली असते, तिथी कोणी बघितलेली नसते. इथे आधी भरती-ओहोटीची वेळ काढायची आणि ठिकाणं त्यात बसवायची. हा क्रम पाळला तर एका दिवसात दोन-तीन ठिकाणं निवांत होतात. त्याहून जास्त करायला जाऊ नये.

इथे वसई म्हणजे पश्चिम रेल्वेच्या रुळांपासून समुद्रापर्यंतचा पश्चिमेकडचा पट्टा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख आणि मध्ये वसई गाव, पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा अशी गावं. स्टेशनच्या बाजूला टॉवर उभे राहिलेत, पण त्यांच्यापुढे केळी, नारळ, पानवेली आणि फुलांच्या वाड्या अजून टिकून आहेत. त्या आपोआप टिकल्या नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठं आंदोलन केलं होतं. आज ज्या सावलीतून सायकल चालवायची, तिच्यामागे ते आहे.

भरतीची वेळ काढायची कशी

मोबाइलवर तक्ते मिळतात, मुंबईचा तक्ता वसईला बऱ्यापैकी चालतो. पण महिनाभर आधी तारीख ठरवायची असेल तर कालनिर्णय पुरेसं आहे. कोकणात सगळीकडे वापरतात तो हिशोब असा: शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, जे येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीन. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे आदल्या दिवशी तक्त्याशी ताडून घ्यावं.

वेळेइतकंच महत्त्वाचं आहे ते उधाण आहे की भांग. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, चढ-उतार चार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीनंतर दशमी-एकादशीपर्यंत भांग असतो, तेव्हा चढ-उतार थोडा आणि ओढही कमी. या दोन गोष्टींवरून दिवस असा निवडावा:

अर्नाळ्याला जायचं असेल तर दशमी किंवा एकादशी. सकाळी साडेसात-आठला भरती असते, होडी काठाच्या जवळ लागते, आणि भांग असल्यामुळे दहा-अकरापर्यंत पाणी फारसं मागे गेलेलं नसतं.

रुंद वाळूवर लांब चालायचं असेल आणि सूर्यास्त बघायचा असेल तर चतुर्दशी किंवा पौर्णिमा. ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. मात्र हे उधाणाचे दिवस, पाणी परत फिरलं की झपाट्याने येतं. सूर्य बुडाला की पुळणीवर, सुरूंच्या रांगेकडे यायचं.

पक्षी बघायचे असतील तर सकाळी आठ-नऊची भरती शोधायची. का ते पुढे येईल.

किल्ला, वाड्या, चर्च आणि निर्मळ यांना पाण्याचं बंधन नाही. ते उरलेल्या वेळात बसतात.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरात वाड्या सर्वांत हिरव्या असतात, पण किल्ल्यात कमरेएवढं गवत आणि दगडांवर शेवाळ असतं आणि समुद्राच्या जवळही जाण्यात अर्थ नसतो. जुलैतल्या मोठ्या पावसात नालासोपारा-वसई दरम्यान रुळांवर पाणी येऊन लोकल अडकतात, तेव्हा अंदाज बघूनच निघावं. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि घामाने दमायला होतं, पण ताडगोळे त्याच दिवसांत मिळतात.

पोचायचं कसं

चर्चगेटहून विरार फास्टने वसई रोडला सव्वा तासाच्या आत-बाहेर. सकाळी मुंबईहून निघताना गर्दी उलट्या दिशेला असते, त्यामुळे बसायला मिळतं. रविवारी ब्लॉक आहे का ते शनिवारी संध्याकाळीच बघून ठेवावं. ठाणे-कल्याण-पनवेलवाल्यांसाठी दिवा-वसई मार्गावर गाड्या आहेत, पण मोजक्या. एक चुकली तर दादरमार्गे येणं लवकर होतं.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की पालिकेची बस किंवा शेअर रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं 'वसई' सांगितलं तर तो गोंधळतो, कारण तुम्ही उभे आहात तीही वसईच. 'पारनाका' किंवा 'किल्ला' सांगायचं. निर्मळ, भुईगाव, कळंबकडे जायचं असेल तर नालासोपारा जास्त सोयीचं, आणि अर्नाळा-आगाशीला विरार. हे तीन स्टेशनांचं गणित लक्षात ठेवलं तर उगाच आडवं फिरणं वाचतं. शहाणपणाचा मार्ग म्हणजे एका स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं.

सायकल घेऊन येणाऱ्यांना एक चांगली सोय झाली आहे. २०२४ पासून भाईंदर पश्चिम आणि वसई किल्ल्याची जेट्टी यांच्यात रो-रो फेरी चालते. सायकल, दुचाकी, गाडी सगळं चढतं आणि खाडी ओलांडून थेट किल्ल्याच्या पायथ्याशी उतरता येतं. घोडबंदरमार्गे महामार्गावरून सायकल हाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच निघा, आणि परतीचीही वेळ तेव्हाच लिहून घ्या.

सामान: माणशी दोन लिटर पाणी, टोपी, विजेरी, घट्ट बसणारे बूट, शिवाय भिजवता येतील अशा मागे पट्टा असलेल्या सँडल, जुना पंचा, आणि सुटे पैसे. अंगठ्याच्या चपला किनाऱ्यावरच्या गाळात रुतून बसतात आणि किल्ल्यात निसटतात, दोन्हीकडे निरुपयोगी. संध्याकाळी वाड्यांत डास जोरात असतात, ओडोमॉस घ्या.

किल्ला: तीन तास ठेवा

शंभर एकरांहून मोठा पसारा आहे. लोक जेट्टीपर्यंत गाडीने जातात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत 'भिंतीच आहेत' म्हणत परततात. किल्ल्याच्या मधून जाणारा डांबरी रस्ता किल्लेबंदर आणि पाचूबंदरच्या लोकांचा रोजचा रस्ता आहे. पाहण्यासारखं जवळजवळ सगळं या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडीत, पायवाटांवर आहे.

सकाळी साडेसातपर्यंत आत शिरावं. सुरुवात जमिनीकडच्या दरवाज्यापासून. इथे सरळ आत जाता येत नाही, वाट वळवलेली आहे. हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घ्यायला जागा मिळू नये म्हणून ही रचना. दरवाज्याच्या बाहेर येऊन तट बाजूने थोडा बघावा, कारण याच जमिनीकडच्या बाजूला १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून सेबॅस्टियन बुरूज फोडला. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ च्या तहाने आली होती. दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांच्या फौजेने ती मे महिन्यात घेतली, पाऊस तोंडावर आलेला असताना. पुढे रस्त्यावर चिमाजी अप्पांचा पुतळा लागतो. नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळं त्याच रस्त्याने समुद्राच्या बाजूला. वज्रेश्वरीच्या जवळ समुद्राकडचा दरवाजा आहे, त्याची लोखंडी पट्ट्यांची जाड लाकडी दारं अजून शाबूत आहेत, ती जवळून बघा.

तिथून परत फिरून चर्चेस. तीन नीट पाहिली तरी पुष्कळ.

सेंट जोसेफ १६०१ साली नव्याने बांधलेलं, त्याचा उंच मनोरा दुरूनही दिसतो. मनोऱ्यात चक्राकार जिना आहे. पायऱ्या अरुंद आणि झिजलेल्या, काही ठिकाणी तुटक्या, मध्ये काळोख. वर जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. लहान मुलं बरोबर असतील, पायरी ओली असेल किंवा वरून कोणी उतरत असेल तर चढू नका, दोन माणसांना एकमेकांना ओलांडायला जागाच नाही. मनोऱ्यांत घंटा नाहीत याचं कारण विजयानंतर त्या देवळांना दिल्या गेल्या. नाशिकचा नारोशंकर, भीमाशंकर आणि वाईजवळचं मेणवली इथे वसईच्या स्वारीतल्या घंटा आजही टांगलेल्या आहेत.

जेझुइट चर्चची दर्शनी भिंत किल्ल्यातलं सर्वांत सुंदर काम. कोरीव खांब आणि त्यांमधली कमान सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते, दुपारी सगळं सपाट होतं. या चर्चशी गोन्सालो गार्सियांचं नाव जोडलेलं आहे. जन्म वसईचा, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं.

तिसरं फ्रान्सिस्कन चर्च. इथे वर नाही, खाली बघायचं. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. वाळकी पानं हाताने बाजूला केली की अक्षरं दिसतात. पाणी ओतून किंवा खडूने घासून अक्षरं 'उठवायचा' प्रकार काही जण करतात, तो करू नये, दगडाची कड त्यानेच जाते. पोर्तुगालची राजचिन्हं बघायची असतील तर बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर ढालीशेजारी कड्याकड्यांचा एक गोल कोरलेला सापडेल. आकाशातली वर्तुळं दाखवणारं ते दर्यावर्दींचं यंत्र.

बिघडतं कुठे? एक, पायवाटा एकसारख्या दिसतात आणि माणूस झाडीत फिरत राहतो. मनोरा कोणत्या हाताला आहे यावर लक्ष ठेवलं की दिशा सापडते. दोन, कमानींच्या आतल्या बाजूला मोहोळं असतात. खाली धूर, फटाके, अत्तराचा फवारा यातलं काहीही नको. तीन, ऑक्टोबरपर्यंत गवतात साप असतात, काठी आपटत चाला. चार, ड्रोन. हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय उडवायचा नाही. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्यांची सकाळी आठनंतर रांग लागते, चांगल्या कमानी त्यांच्या ताब्यात जातात, म्हणूनही लवकर जा.

नोव्हेंबर ते मे या काळात किल्ल्यातून पुढे पाचूबंदरला गेलात तर वलांड्यांवर टांगलेले बोंबील दिसतील. जबड्यात जबडा अडकवून दोन-दोनची जोडी बांबूवर घातलेली असते. सुके बोंबील घ्यायचे तर फिकट पिवळसर, वाकवल्यावर कडक लागणारे घ्यावेत. हाताला ओलसर किंवा लालसर वाटले तर नीट वाळलेले नाहीत, घरी गेल्यावर आठवड्यात बुरशी धरतात. 'मावशी, बिनमिठाचे आहेत ना?' एवढं विचारून घ्या. जूनचा पहिला दिवस ते जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या मासळीची फार आशा धरू नका.

वाड्या आणि बावखलं

हिरव्या पट्ट्यात 'पॉइंट' नाहीत. इथे रस्ताच बघायचा असतो. सायकल असेल तर पारनाक्याहून गिरीज, भुईगाव, निर्मळ असं गावांमधून उत्तरेला जावं. सगळा सपाट रस्ता, चढ नाही. चालत असाल तर नालासोपाऱ्याहून रिक्षाने निर्मळला उतरून तिथून कळंबच्या किनाऱ्यापर्यंत तीनेक किलोमीटर चाला. रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना कुंपण आणि वळणावर समोरचं दिसत नाही. सायकलवाल्यांनी एकामागे एक चालावं आणि प्रत्येक वळणावर घंटी द्यावी. पालिकेची बस वळते तेव्हा रस्त्यावर कुणालाच जागा उरत नाही.

वाड्यांच्या मध्ये हिरवट पाण्याची खोदीव तळी दिसतील, ती बावखलं. पावसाचं गोडं पाणी त्यांत साठतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. समुद्र दोन-तीन किलोमीटरवर असताना विहिरींना गोडं पाणी राहतं ते यांच्यामुळे. पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं, आणि बावखल बुजवलं की शेजारच्या चार विहिरींना ते लवकर कळतं. पूर्वी यांच्या काठावर रहाट चालायचे, आता पंप आहेत. बावखलाची कड उभी असते आणि पाण्यावर शेवाळ-जलपर्णीचा थर असला की ती जमीनच वाटते. मुलांचा हात धरूनच काठावर जायचं.

वाडीत शिरण्याबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. दोन केळींमधली मातीची वाट ही कुणाच्या तरी घरची वाट असते. बाहेरून हाक मारून 'काका, वाडी बघायला आत येऊ का?' असं विचारलं तर बहुतेक वेळा आत बोलावतात, वर पाणीही विचारतात. न विचारता फोटोसाठी सोनचाफ्याची फांदी वाकवणाऱ्याला मात्र दोन शब्द ऐकावे लागतात, आणि ते योग्यच. सोनचाफ्याची फुलं पहाटे, पुरती उमलायच्या आधी खुडतात आणि सकाळच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातात. वाकवलेल्या फांदीचं पुढच्या हंगामापर्यंत नुकसान होतं. फुलं खुडताना बघायची इच्छा असेल तर आदल्या दिवशी बोलून ठेवावं लागेल, सकाळी आठला येऊन काही दिसत नाही.

या गावांत वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती, आगरी, कोळी असे समाज शेजारी-शेजारी राहतात. कुपारी आज्या लाल लुगड्यात रस्त्यावर दिसतात. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. चर्चमध्ये रविवारी सकाळी मिस्सा असते, त्या वेळात आत कॅमेरा नको. पापडी, निर्मळ, नंदाखाल इथली चर्चेस दुपारनंतर शांतपणे बघता येतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर नुसतं गावांमधून फिरलं तरी पुरे: घराघरावर चांदण्यांचे कंदील आणि अंगणात गव्हाणी. तेव्हा गाडी आणू नका, अडकाल.

निर्मळला तलाव आणि त्याच्या काठी टेकाडावर शंकराचार्यांचं समाधी मंदिर आहे. कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे मोठी यात्रा भरते आणि सुकेळी घ्यायची हीच वेळ. राजेळी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवतात. रात्रीचं दव लागू नये म्हणून संध्याकाळी झाकतात. मग वाळक्या सोपटात बांधून त्याच्या मुटक्या करतात. चांगलं सुकेळं मधासारखं तपकिरी, बोटाने दाबलं की दबणारं आणि हाताला किंचित चिकट असतं. काळं पडलेलं म्हणजे जुनं, कडक म्हणजे जास्त वाळलेलं. भाव ऐकून दचकायला होतं, पण एवढ्या केळ्यांचं वाळून काय उरतं ते डोळ्यासमोर आणा. राजेळी लावणारे कमी झालेत, त्यामुळे दुसऱ्या जातीच्या केळ्याची सुकेळीही विकायला असतात. विचारून घ्या. यात्रेच्या दिवसांत निर्मळचा रस्ता दुपारी चारनंतर गच्च असतो, सकाळी जा.

गिरीजच्या डोंगरीवर दत्ताचं देऊळ आहे. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, म्हाताऱ्या माणसांनाही जमतो. वरून एका बाजूला माडांचा सलग हिरवा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला इमारती, मधली हद्द बोटाने दाखवता येते. किल्ल्याच्या मोहिमेशी जोडलेल्या वज्रगडाची जागा हीच, पण बांधकाम शोधायला जाल तर निराशा होईल.

किनारे

सुरुची, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा असे दक्षिणेकडून उत्तरेला. सुरुची वसई गावाला लागून आहे, सुरूंच्या सावलीत बसायला छान, रविवारी गर्दी. कळंब-राजोडीला वाळू मोठी आणि खाण्याची सोय. जेवण घरगुती खानावळीत हवं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करून सांगून ठेवा, ऐन वेळी गेलात तर मासळी संपलेली असते.

पोहण्यासाठी यातला एकही किनारा नाही. पाणी गढूळ असल्यामुळे पायाखालचा खड्डा दिसत नाही, उतार मंद असल्यामुळे माणूस नकळत आत जातो, आणि भरती आली की आधी पाठीमागचे सखल भाग भरतात. पुढे कोरडी वाळू, मागे कमरेएवढं पाणी अशी अवस्था होते आणि लोक घाबरून चुकीच्या दिशेला पळतात. दर वर्षी बुडण्याच्या बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच अशाच. घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका, आणि गाळात चालताना पाय उचलून न टाकता घासत टाका, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात, वाळूवर मेलेले दिसले तरी हात लावू नका.

गाडी वाळूवर घालू नये. वरचा थर कडक वाटतो, चाक एकदा फिरलं की खालचा ओला गाळ लागतो, रेस द्यावी तेवढी गाडी खाली जाते आणि भरती थांबत नाही.

भुईगाव मात्र वेगळं. इथे तिवरं, गाळ आणि खडक असल्यामुळे मौजमजेला येणारे नाक मुरडतात, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पक्ष्यांसाठी हीच जागा. ओहोटीला पक्षी लांबवर गाळात पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की ते त्यांना काठाकडे ढकलत आणतं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जाऊन एका जागी बसायचं, पक्षी आपोआप जवळ येतात. सूर्य पाठीशी राहावा म्हणून सकाळचीच भरती हवी. कुरव, तुतवार, चिखले, समुद्री बगळे सहज दिसतात. थव्याकडे चालत जाऊ नका. उडवलेल्या थव्याची चरण्याची वेळ फुकट जाते आणि तुमचीही. ८×४२ ची दुर्बीण पुरते. याच भुईगावात १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. आठव्याचा तुकडा त्याआधी १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला. त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूप उकरला. नालासोपारा पश्चिमेला 'बुरुड राजाचा कोट' म्हणून तो विटांचा ढिगारा आहे. परतीच्या वाटेवर अर्धा तास असेल तर तो आणि चक्रेश्वर तलावाकाठची ब्रह्मदेवाची मूर्ती बघून घ्या.

तुंगारेश्वर या यादीत कोंबू नका. ते महामार्गापलीकडचं अभयारण्य आहे, त्याला वेगळा दिवस लागतो. चिंचोटीच्या धबधब्याला पावसाळ्यात बंदी घालतात ती अपघातांमुळे, मागच्या वाटेने घुसू नका.

अर्नाळा

विरार पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने अर्नाळा, तिथून कोळीवाड्यातून चालत किनाऱ्यावर. होडी बेटावरच्या लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे. भाजी, गॅस सिलिंडर, शाळेची मुलं आधी, आपण नंतर. प्रवास दहा मिनिटांचा. चढण्याआधी शेवटची होडी किती वाजता ते होडीवाल्या दादांनाच विचारा, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. चढताना आणि उतरताना लाट येऊन गेल्यावर पाय टाकायचा, लाटेबरोबर नाही. पाय निसटतात ते तिथेच.

किल्ल्याच्या महादरवाज्यावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत आणि वर मराठी शिलालेख. पाश्चात्यांना मारून समुद्राच्या पोटात लवकर जंजिरा बांध, अशी बाजीरावांची आज्ञा त्यात आहे. मराठ्यांनी अर्नाळा १७३७ मध्ये घेतला, वसईच्या दोन वर्षं आधी. वैतरणेचं तोंड हातात आल्यावर वसईची उत्तरेची रसद तुटली. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि समोर अष्टकोनी गोड्या पाण्याचं तळं. जिन्याने तटावर चढून पूर्ण फेरी मारा, अर्धा तास लागतो. मग बाहेर पडून बेटाच्या टोकाला एकटा उभा असलेला गोल बुरूज आणि कालिकादेवीचं देऊळ. वाटेत घरांच्या पडव्यांमधून जावं लागतं, जाळी पसरलेली असतील तर त्यांवर पाय नको, एक फाटलेला फासा शिवायला वेळ लागतो. बेटावर कचरा टाकायला जागा नाही, आपला आपण परत आणा. एकूण दोन तास पुरे. पावसाळ्यात बेटावर जाण्याचा बेत करूच नका.

संध्याकाळी सातनंतर किनाऱ्यांवरून स्टेशनकडे शेअर रिक्षा पातळ होतात आणि अ‍ॅपवरच्या टॅक्सी या गावांत बहुधा येतच नाहीत. अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याच्या नाक्यावर या. दिवस अर्नाळ्याला संपवला असेल तर विरारहूनच सुटणारी चर्चगेट लोकल पकडा, बसायला मिळतं. वसई रोडला चढणाऱ्यांना ते नशीब नसतं.